दीड वर्ष वापरल्यावर: लॅपटॉप चांगला, पण कर्सर आपोआप पळायचा त्याची गोष्ट

मागच्याच्या मागच्या दिवाळीत घेतलेला लॅपटॉप, साडेपंधरा इंची, 16 जीबी रॅम. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला जो त्रास झाला तो कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपला होऊ शकतो. स्पीड मस्त, स्क्रीनचे रंग चांगले, कीबोर्डबद्दल तक्रार नाही, फॅन दुपारी आवाज करतो पण सोलापूरच्या उन्हाळ्यात कुठला नाही करत.

माझं काम टॉवेल-चादरीच्या डिझाईनचं, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यासाठी जॅकार्डचे, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचे, ग्राफ काढतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्क्रीनवरचा एक छोटा चौकोन म्हणजे कापडात एक उभा आणि एक आडवा धागा जिथे एकमेकांवरून जातात ती जागा. एक चौकोन चुकीचा भरला की मागावर तो धागा चुकीचा उचलला जातो, आणि डिझाईन रिपीट होतं तिथे तिथे परत तीच चूक. त्यामुळे कर्सर जरासा हलला तर दुसऱ्याला काही वाटणार नाही पण माझं कापड खराब होतं.

पहिले दोन-तीन महिने कारखान्यातच वापरला, काही प्रॉब्लेम नाही. मग ऑर्डरची गडबड सुरू झाली म्हणून रात्री घरी काम करायला लागलो आणि कर्सर आपोआप सरकायला लागला. हात लावलेला नसताना कोपऱ्यात पळणार, मधेच क्लिक होणार. एकदा मोराच्या मानेखाली तीन ठिपके पडले, मला दिसले नाहीत, सॅम्पल विणून आलं तेव्हा मालकांनीच बोट ठेवून दाखवलं, "हे काय आलंय इथं?" लई वाईट वाटलं त्या दिवशी.

मग एकेक करून बघत गेलो. आधी वायरलेस माऊसचा डोंगल काढला, तरी पळतोच. टचपॅड सेटिंगमधून बंद केला, लगेच थांबला, म्हणजे गडबड टचपॅडकडे एवढं नक्की झालं. ड्रायव्हर, म्हणजे टचपॅड चालवणारं सॉफ्टवेअर, नवीन टाकला, जुना टाकला, सेन्सिटिव्हिटी कमी केली, पॅड कोरड्या कपड्यानं पुसला, काही फरक नाही. शेवटी लाईट गेली आणि उत्तर मिळालं! लाईट गेल्यावर बॅटरीवर कर्सर एकदम शांत, लाईट आली की परत सुरू. चार्जर काढून-लावून पाच वेळा बघितलं, दर वेळी तेच. आणि चार्जर लावलेला असताना झाकणाच्या मेटलवरून बोट हलकं फिरवलं की बारीक झिणझिण्या यायच्या, ते मला आधीपासून जाणवत होतं पण त्याचा याच्याशी संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही.

वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडला तर थ्री-पिनच्या वरच्या मोठ्या भोकाला मागून तारच जोडलेली नाही, म्हणजे त्या बोर्डला अर्थिंगच नाही. टचपॅड चालतो कसा, तर पॅडखाली बारीक तारांची जाळी असते, बोट आलं की तिथली कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा भार धरून ठेवायची क्षमता, जराशी बदलते आणि त्यावरून त्याला बोट कुठे आहे ते कळतं. अडॅप्टरमधून अगदी किंचित करंट लॅपटॉपच्या बाजूला येतो, तो अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला पाहिजे. तार नसली की तो बॉडीवरच राहतो आणि पॅडला बोट नसतानाही बोट आहे असं वाटतं. कारखान्यात अर्थिंग नीट होतं म्हणून तिथे कधीच झालं नाही. काकांनी तार ओढून दिली, त्या दिवसापासून झिणझिण्याही बंद आणि कर्सरही जागेवर.

पुढे वर्षभर छान चालला. या एप्रिलमध्ये परत तेच. मला वाटलं अर्थिंगच गेलं, जमीन वाळली की अर्थिंग कमजोर होतं हे काकांनी सांगितलेलं, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, काकांना परत बोलावलं, त्यांनी मीटर लावून बघितलं तर सगळं ठीक. यात आठ दिवस गेले. खरं म्हणजे मी चार्जर काढून बघायला पाहिजे होतं, कारण या वेळी कर्सर बॅटरीवरसुद्धा पळत होता. नवव्या दिवशी पॅडचं क्लिक जाम झालं आणि झाकण मिटल्यावर पुढच्या बाजूला फट दिसायला लागली. टेबलवर ठेवून बाजूनं बघितलं तर पॅडची खालची कड वर आलेली. बॅटरी फुगली होती, आणि ती बरोबर पॅडच्या खाली असते म्हणून खालून दाबत होती.

हे वाचणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, असं दिसलं तर त्याच मिनिटाला चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पॅड दाबून सपाट करायला जाऊ नका आणि बॅटरीला टोचू तर अजिबात नका, आतल्या गॅसनं ती फुगलेली असते आणि पेट घेऊ शकते. मी आठ दिवस तसाच रात्रभर चार्जिंगला लावत होतो, शेजारी पोरं झोपलेली, आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

सर्व्हिस सेंटरला बॅटरी बदलून घेतली, जुनी त्यांनीच ठेवून घेतली. तिथल्या माणसानं विचारलं की दिवसभर चार्जर लावूनच वापरता का, तर हो, आणि तेही वरच्या पत्र्याच्या खोलीत. उष्णता आणि कायम शंभर टक्के चार्ज, दोन्ही बॅटरीला वाईट. आता कंपनीच्याच ॲपमधून चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवलंय, टॅप केल्यावर होणारं क्लिक कायमचं बंद ठेवलंय, आणि दुपारी खालच्या खोलीत बसतो. दोन महिने झाले, कर्सर एकदाही हललेला नाही. तोच मोर परत काढून दिला, मागावर चढलाय.