बिअरची रेसिपी आणि स्प्रेडशीट : आखणीत निपुण, नोंदीत बेभरवशी

घरी बिअर बनवणाऱ्यांसाठी बिअरस्मिथ, ब्रूफादर, ब्रूअर्स फ्रेंड यांसारखी खास साधने उपलब्ध असताना एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिबरऑफिस कॅल्कमध्ये स्वतःच्या हाताने रेसिपी आखावी का, आणि प्रत्येक बॅचची नोंदही तिथेच ठेवावी का, या प्रश्नाचा विचार करून हे परीक्षण लिहिले आहे. माझे मत आधीच सांगतो. आखणीचे साधन म्हणून स्प्रेडशीटला तोड नाही. नोंदवही म्हणून मात्र ती जशी हाती येते तशी वापरली, तर जुन्या नोंदी कोणाच्या लक्षातही न येता बदलून टाकते. ही दोन्ही कामे एकाच फाइलमध्ये होत असल्याने ती एकाच जातीची वाटतात, आणि बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच असते.

रेसिपीची आखणी हा मुळात उलटा हिशेब आहे. शेवटी किती लिटर बिअर हवी, किण्वनाच्या आरंभीचे विशिष्ट गुरुत्व म्हणजे ओजी किती असावी, कडवटपणा आणि रंग कसा असावा हे आपण आधी ठरवतो, आणि तिथून मागे येत मॉल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) व पाणी यांची मापे काढतो. समजा, फर्मेंटरमध्ये, म्हणजे किण्वनाच्या भांड्यात, २० लिटर वर्ट (मॉल्टमधून काढलेला गोड रस) हवा आहे आणि ओजी १.०५० हवी आहे. दशांशानंतरचे ५० अंश गुणिले २० लिटर, म्हणजे एकूण १००० अंश मॉल्टमधून मिळायला हवेत. मिश्रणात ९० टक्के पेल मॉल्ट व १० टक्के क्रिस्टल मॉल्ट असेल, आणि त्यांची क्षमता एका किलोमागे अनुक्रमे ३०५ व २८५ लिटर-अंश (लिटर गुणिले गुरुत्वाचे अंश) धरली, तर मिश्रणाची सरासरी ३०३ येते. आपल्या भांड्यांची कार्यक्षमता, म्हणजे या क्षमतेतला प्रत्यक्ष हाती येणारा भाग, ७२ टक्के असेल, तर एका किलोमागे प्रत्यक्षात सुमारे २१८ अंश हाती लागतात आणि मॉल्टचे एकूण वजन ४.५८ किलो ठरते. हा हिशेब कागदावरही होतो. पण कार्यक्षमतेच्या सेलमध्ये ७२ ऐवजी ६५ लिहिताच वजन ५.०८ किलोवर गेलेले दिसते, किंवा वजन तेच ठेवले तर ओजी १.०४५ पर्यंत घसरलेली दिसते, हे कागदावर होत नाही. एका आकड्याचा धक्का पुढे कुठे कुठे बसतो, हे अशा वेळी डोळ्यांना दिसते. नवशिक्याला याहून चांगला शिक्षक मिळणे कठीण आहे.

खास सॉफ्टवेअरही हेच गणित करतात, आणि अधिक सुबकपणे करतात. फरक एवढाच की तिथे गणित बहुधा पडद्यामागे असते. स्प्रेडशीटमध्ये सेलवर क्लिक केले की सूत्र समोर येते, आणि ते पटले नाही तर बदलता येते. पाण्याच्या हिशेबात याची किंमत चांगलीच कळते. फर्मेंटरमधले २० लिटर, उकळीच्या भांड्याच्या तळाशी गाळात राहणारे २ लिटर, गरम वर्ट थंड होताना आकारमानात होणारी सुमारे ४ टक्के घट, तासाभराच्या उकळीत वाफ होऊन जाणारे ३ लिटर आणि दर किलो धान्य शोषून घेते ते अंदाजे १ लिटर, हे सगळे जोडले की वरील रेसिपीला एकूण साधारण ३०.५ लिटर पाणी लागते. यातला गाळाचा आणि वाफेचा आकडा प्रत्येकाच्या भांड्यावर अवलंबून असतो, त्यामुळे दुसऱ्याचे तयार मूल्य वापरण्यापेक्षा स्वतः मोजून लिहिलेले मूल्यच कामाचे. मॅशसाठीच्या, म्हणजे मॉल्ट गरम पाण्यात भिजवण्याच्या टप्प्यासाठीच्या, पाण्याचे तापमानही असेच निघते. धान्य २५ अंश सेल्सिअसवर आहे, मॅश ६७ अंशांवर हवा आहे आणि एका किलोला ३ लिटर पाणी आहे, तर ०.४१ भागिले ३, गुणिले ४२, अधिक ६७, म्हणजे सुमारे ७२.७ अंशांचे पाणी ओतावे लागते. भांडे स्वतः जी उष्णता शोषते ती या सूत्रात नाही. ती भरून काढण्यासाठी एक वेगळा सेल ठेवावा आणि दोन-चार बॅचनंतर त्यात आपल्या भांड्याचा आकडा भरावा.

कडवटपणाच्या गणितावर जरा थांबायला हवे, कारण स्प्रेडशीटचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही इथे दिसतात. घरगुती बिअरच्या जगात ग्लेन टिनसेथ यांचे सूत्र सर्वाधिक वापरले जाते. हॉप्समधल्या अल्फा आम्लाचा, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या घटकाचा, किती भाग वर्टमध्ये उतरतो हे ते दोन गोष्टींवरून ठरवते : हॉप्स किती मिनिटे उकळले आणि वर्ट किती दाट आहे. १.०५० गुरुत्वाच्या वर्टमध्ये ६० मिनिटे उकळलेल्या हॉप्ससाठी हा भाग या सूत्राने सुमारे २३ टक्के येतो, १० मिनिटांना तो ८ टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि वर्ट १.०८० इतका दाट असेल तर ६० मिनिटे उकळूनही १७.६ टक्क्यांवरच थांबतो. रागर यांचे सूत्र वेगळे उत्तर देते. दोन्ही सूत्रांचे स्तंभ शेजारी शेजारी ठेवले, तर आयबीयू (कडवटपणाचे माप) हा रेसिपीवर छापलेला आकडा मोजलेला नसून अंदाजलेला आहे, हे कायम ध्यानात राहते. आच बंद केल्यावर घातलेल्या हॉप्सचे काय, याचे उत्तर टिनसेथ यांच्या मूळ सूत्रात नाही; गरम वर्ट किती वेळ कोणत्या तापमानाला उभा राहिला त्यानुसार कडवटपणा उतरतच असतो. स्प्रेडशीटमध्ये यासाठी आपण आपला गुणक घालू शकतो आणि चवीच्या अनुभवावरून तो सुधारत जाऊ शकतो. मात्र तो गुणक आपला आहे, टिनसेथ यांचा नाही, हे त्या सेलच्या टिपणात लिहून ठेवलेच पाहिजे. वर्षभराने ती फाइल उघडणाऱ्याला, आणि तो बहुधा आपणच असतो, याशिवाय काहीही कळणार नाही.

रंगासाठी मोरी यांचे सूत्र पुरेसे आहे. एसआरएम आणि ईबीसी ही रंगाची दोन मापे आहेत; एसआरएमला १.९७ ने गुणले की ईबीसी मिळते. एवढ्यावर हा विषय मी सोडतो, कारण पेल्यातला रंग या आकड्यापेक्षा थोडा वेगळा निघाल्याने कोणाची बिअर बिघडत नाही. पाण्यातल्या क्षारांचा हिशेब मात्र स्वतः रचण्याच्या भरीस पडू नये. जिप्समच्या १ ग्रॅमने १ लिटर पाण्यात सुमारे २३३ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ५५८ मिलिग्रॅम सल्फेट वाढते, इथपर्यंतचे गणित सोपे आहे. पण वेगवेगळ्या मॉल्टमुळे मॅशचा पीएच कुठे जाईल हा अंदाज अवघड आहे. त्यासाठी मार्टिन ब्रुंगार्ड यांचे ब्रून वॉटर आहे, आणि विशेष म्हणजे तेही एक स्प्रेडशीटच आहे. या साधनाच्या कुवतीविषयी ज्यांना शंका असेल, त्यांनी ती फाइल अवश्य उघडून पाहावी.

आता नोंदीकडे येतो. चांगली रचना म्हणून सर्वत्र शिकवले जाते ते असे : मॉल्टची एक शीट, हॉप्सची एक शीट, आणि रेसिपीच्या शीटमध्ये नाव निवडले की व्हीलूकअप या शोधणाऱ्या सूत्राने त्यांची मूल्ये आपोआप येतात. आखणीसाठी ही रचना उत्तमच आहे. परंतु हॉप्स हे शेतातले पीक आहे आणि त्यातले अल्फा आम्ल दरवर्षी, दर पाकिटाला बदलते. समजा, गेल्या हंगामात ५.५ टक्क्यांचे ४० ग्रॅम हॉप्स ६० मिनिटे उकळून आपण २० लिटरची बॅच केली आणि शीटने २५ आयबीयू दाखवले. यंदा त्याच जातीचे पाकीट ७ टक्क्यांचे आले, म्हणून हॉप्सच्या शीटमध्ये ५.५ खोडून ७ लिहिले. त्या क्षणी गेल्या हंगामाच्या बॅचवर ३२ आयबीयू दिसू लागतात. कोणतीही सूचना येत नाही, कोणताही सेल लाल होत नाही. जी बिअर कधी बनलीच नव्हती तिची नोंद आता आपल्याकडे असते, आणि खऱ्या बिअरची उरत नाही. आपल्या कार्यक्षमतेचा आकडा एका सामाईक सेलमध्ये ठेवला असेल, तर तो सुधारताच साऱ्या जुन्या रेसिपींची ओजीही अशीच सरकते.

म्हणून माझा आग्रह आहे की आखणीची फाइल वेगळी आणि नोंदीची फाइल वेगळी असावी. बॅच करायच्या दिवशी रेसिपीच्या शीटची प्रत काढावी आणि तीत सर्व मजकूर ‘फक्त मूल्ये’ या पर्यायाने पेस्ट करावा, म्हणजे सूत्रे जाऊन त्या दिवशीचे आकडे उरतात. त्या प्रतीत प्रत्येक ठरवलेल्या आकड्याशेजारी एक मोकळा सेल मोजलेल्या आकड्यासाठी असावा : ठरलेली ओजी आणि मिळालेली ओजी, ठरलेले लिटर आणि मिळालेले लिटर, मॅशचे ठरलेले तापमान आणि थर्मामीटरवरचे तापमान. गूगल शीट्समध्ये आवृत्त्यांचा इतिहास मिळतो, त्यामुळे बदललेली नोंद परत आणता येते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, पण नोंद बदलली आहे हे आधी कळावे लागते.

मोजलेल्या आकड्यांबाबत आणखी एक नियम पाळावा. हायड्रोमीटरवर (गुरुत्व मोजणाऱ्या तरंगत्या उपकरणावर) दिसला तोच आकडा आणि त्या वेळचे तापमान असे दोन्ही लिहावे, आणि तापमानानुसार केलेली दुरुस्ती तिसऱ्या सेलमध्ये ठेवावी. काही हायड्रोमीटर २० अंशांसाठी, तर काही १५.६ अंशांसाठी आखलेले असतात. फक्त दुरुस्त केलेला आकडा लिहिला आणि पुढे कळले की दुरुस्तीच चुकीच्या आधाराने झाली होती, तर मूळ वाचन कायमचे गेलेले असते. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणारे उपकरण) वापरणाऱ्यांनी तर ब्रिक्सचे, म्हणजे साखरेच्या मापाचे, कच्चे वाचन जपलेच पाहिजे, कारण किण्वन सुरू झाल्यावर मद्यार्कामुळे ते वाचन सरळ वापरता येत नाही आणि दुरुस्तीची सूत्रेही एकाहून अधिक आहेत. मद्यार्काचे प्रमाण मात्र लिहून ठेवायची गरज नाही. ओजी व एफजी (किण्वन संपल्यावरचे गुरुत्व) यांच्या फरकाला १३१.२५ ने गुणले की ते केव्हाही मिळते.

आकड्यांच्या मांडणीत स्प्रेडशीट काही त्रास देते, तो सहन करण्यापेक्षा आधीच बंद करावा. १.०५० लिहिले की ती १.०५ दाखवते, म्हणून गुरुत्वाच्या स्तंभाला तीन दशांश स्थळे ठरवून द्यावीत. ज्या देशांच्या मांडणीत दशांशासाठी स्वल्पविराम असतो, त्या मांडणीत तोच आकडा एक हजार पन्नास म्हणून वाचला जाऊ शकतो. डेटा व्हॅलिडेशन (सेलमध्ये कोणते आकडे चालतील हे ठरवण्याची सोय) लावून ०.९९० ते १.१५० यांबाहेरचा आकडा नाकारला, की हा घोटाळा आणि टंकलेखनातल्या बऱ्याच चुका दारातच अडतात. सूत्रांचे सेल कुलूपबंद करून भरायचे सेल वेगळ्या रंगाचे ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.

बॅच साठत गेल्या की या साधनाचे खरे फळ मिळते. प्रत्येक बॅचची कार्यक्षमता मोजलेल्या आकड्यांवरून काढून तिची सरासरी पुढच्या आखणीत वापरता येते. इथे दोन पथ्ये आहेत. मॅशची कार्यक्षमता आणि फर्मेंटरपर्यंतची एकूण कार्यक्षमता यांत गाळातल्या नुकसानीएवढा फरक असतो, तेव्हा कोणती मोजतो आहोत ते स्तंभाच्या शीर्षकातच लिहावे. दुसरे असे की दाट वर्टच्या बॅचमध्ये कार्यक्षमता सहसा घटते. १.०४५ आणि १.०८५ च्या बॅच एकत्र करून काढलेली सरासरी दोन्हींना चुकवते, म्हणून ओजीच्या पट्ट्यांनुसार ॲव्हरेजइफ या अटीनुसार सरासरी काढणाऱ्या सूत्राने वेगवेगळ्या सरासऱ्या घ्याव्यात. आपल्याला हवे तसे गट पाडून जुने आकडे असे पुन्हा पुन्हा तपासण्याची मोकळीक मला खास सॉफ्टवेअरमध्ये इतकी मिळालेली नाही.

उलट बाजूही आहे. प्रत्यक्ष बिअर बनवताना, ओल्या हातांनी मोबाइलवर स्प्रेडशीट हाताळणे त्रासाचेच आहे. हॉप्स घालायची वेळ झाली हे ती आपणहून सांगत नाही, साठ्यातून वापरलेले मॉल्ट वजा करत नाही, आणि बिअरएक्सएमएल या रेसिपींच्या फाइल-प्रकारातली दुसऱ्याची रेसिपी सरळ उघडूनही देत नाही. ज्यांना तयार रेसिपी घेऊन थोडेफार बदल करायचे आहेत, त्यांनी ब्रूफादर किंवा बिअरस्मिथ घ्यावे. आपल्या भांड्यांचे आकडे स्वतः शोधण्याची ज्यांना ओढ आहे, त्यांनी स्प्रेडशीट रचावी, बॅचच्या दिवसापुरता गोठवलेल्या प्रतीचा कागदी छाप जवळ ठेवावा, मोजलेले आकडे त्यावर पेन्सिलने लिहावेत आणि भांडी धुऊन झाल्यावर त्याच दिवशी फाइलमध्ये भरावेत. तो कागदही टाकू नये. बिअरला फेस यावा म्हणून बाटल्यांत घालायच्या साखरेचा हिशेब त्याच्या मागच्या बाजूला करता येतो : २० अंशांवर किण्वन झालेल्या बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ०.८६ आकारमान (म्हणजे बिअरच्या ०.८६ पट वायू) आधीच असते, २.४ हवे असेल तर उरलेल्या १.५४ ला प्रतिलिटर ४ ग्रॅमप्रमाणे २० लिटरसाठी साधारण १२३ ग्रॅम साखर लागते. हा आकडा घालताना लिटर ठरलेले नव्हे, तर बाटल्या भरायच्या वेळी प्रत्यक्ष उरलेले धरावेत. बिअर १८ लिटरच उरली असेल आणि साखर २० ची पडली, तर बाटल्यांतला दाब हवा त्यापेक्षा जास्त होतो.