३.५५ की ४.१०? पिकअपचा ॲक्सल रेशो निवडताना

पिकअप घ्यायला गेलेला माणूस इंजिन किती सीसीचे, पासिंग किती, हौदा किती फुटांचा आणि ॲव्हरेज किती, एवढे हमखास विचारतो. मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊन आणि पिनियन या दोन दातेरी चाकांना किती दात आहेत, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक तीच गाडी, तेच इंजिन आणि तोच गिअरबॉक्स असूनही एक गाडी ट्रॉली जोडल्यावर घाटात सहज चढते आणि दुसरी धापा टाकते, यामागे पुष्कळदा हे दातच असतात. नागपुरातून माल वाहणाऱ्या किंवा मागे ट्रॉली ओढणाऱ्या माणसाने या दोहोंपैकी कोणती गाडी घ्यावी, हे ठरवण्यासाठी पुढचा हिशेब मांडला आहे.

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टने मागे येते, शाफ्टच्या टोकाला असलेला छोटा पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो आणि क्राऊन चाकांना. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की ॲक्सल रेशो मिळतो. ३९ दातांचा क्राऊन आणि ११ दातांचा पिनियन असेल तर ३.५५, ४१ आणि १० असतील तर ४.१०. ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात हीच जोडी ६/४१, ७/४१ अशा नावाने मागितली जाते, म्हणजे अनुक्रमे ६.८३ आणि ५.८६. आकडा मोठा असेल तितकी गाडी ओढणारी आणि लहान असेल तितकी पळणारी, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते.

अमेरिकेत पिकअपचा ग्राहक हा आकडा गाडी नोंदवतानाच निवडू शकतो. फोर्ड एफ-१५० ला ३.१५, ३.३१, ३.५५ आणि ३.७३ असे पर्याय मिळत आले आहेत, तर राम १५०० ला ३.२१, ३.५५ आणि ३.९२. तिथे एकाच मॉडेलची ओढण्याची अधिकृत मर्यादा या एका आकड्यामुळे हजारो पौंडांनी वरखाली होते. आपल्याकडे छोट्या पिकअपच्या ग्राहकापुढे असा पर्याय सहसा ठेवला जात नाही. कंपनी जो रेशो बसवते तोच घ्यावा लागतो. त्यामुळे आपली निवड दोन मॉडेलांतली किंवा एकाच मॉडेलच्या दोन प्रकारांतली असते, आणि तांत्रिक माहितीच्या कागदावर ‘रिअर ॲक्सल रेशो’ किंवा ‘फायनल ड्राइव्ह’ या ओळीत तो आकडा शोधावा लागतो.

जुनी गाडी घेताना कागद हाताशी नसेल तर आकडा हाताने मोजता येतो. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका गॅरेजमध्ये मी तो मोजताना पाहिला. मिस्त्रींनी पुढच्या चाकांना मागून-पुढून दगड लावले, गाडी न्यूट्रलला ठेवली, हँडब्रेक सोडला आणि मागचे डावे चाक तेवढे जॅकवर उचलले. मग टायरवर खडूची एक रेघ आणि प्रोपेलर शाफ्टवर दुसरी. मदतनीस पोराने चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवले आणि मिस्त्री गाडीखाली पालथे पडून शाफ्टवरची रेघ मोजत राहिले. एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्या फेऱ्याला रेघ जेमतेम हलली न हलली तोच पोराचा हात थांबला. चार आणि एक दशांश. एकच चाक उचललेले असल्यामुळे डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेत, त्याच्या दोन फेऱ्यांना क्राऊनचा एक फेरा होतो, म्हणून चाक दोनदा फिरवायचे.

आता तुलना. दोन्ही गाड्यांना २४५/७० आर १६ टायर, ३०० न्यूटन-मीटर टॉर्कचे (पिळाच्या जोराचे) टर्बो डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा एकसारखाच गिअरबॉक्स आहे असे धरू: पहिला गिअर ४.० (इंजिनाच्या चार फेऱ्यांना शाफ्टचा एक), तिसरा १.४, चौथा १.० आणि पाचवा ०.८. एका गाडीचा ॲक्सल ३.५५ चा आणि दुसरीचा ४.१० चा.

हा टायर एका किलोमीटरला सुमारे ४२५ फेरे घेतो. पाचव्या गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरला ३.५५ च्या गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे १,६१० फेऱ्यांवर असते आणि ४.१० च्या गाडीचे सुमारे १,८६० वर. फरक साडेपंधरा टक्क्यांचा आहे, आणि बरीच माणसे इथेच घसरतात. त्यांना वाटते की डिझेलही साडेपंधरा टक्के जास्त जाणार. तसे होत नाही. हवा कापण्यासाठी आणि टायरचा रोध जिंकण्यासाठी चाकावर लागणारे काम दोन्ही गाड्यांना तेवढेच असते. वाढते ते फक्त इंजिनाच्या स्वतःच्या घर्षणात जाणारे इंधन, आणि ते एकूण खर्चाचा एक हिस्सा असते. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (हवेची झडप) अर्धवट मिटलेला असताना हवा आत ओढण्याचाही भुर्दंड पडतो, म्हणून तिथे लहान आकड्याचा फायदा अधिक जाणवतो. डिझेलमध्ये तसा थ्रॉटल नसल्याने तो कमी जाणवतो. समृद्धी महामार्गावरच्या १२० च्या पाट्या पाहून हिशेब करू नये, कारण मालवाहू गाडीला तिथे ८० चीच मर्यादा आहे.

समजा, ३.५५ च्या गाडीने लिटरला १२ आणि ४.१० च्या गाडीने साडेअकरा दिले. वर्षाला ३०,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला पहिल्या हिशेबाने २,५०० लिटर आणि दुसऱ्या हिशेबाने सुमारे २,६१० लिटर डिझेल लागेल. एकशे दहा लिटरचा हा फरक खरा आहे आणि नेहमी रिकाम्या किंवा अर्ध्या हौद्याने अमरावती, भंडारा, हिंगणघाट अशी सरळ फेरी मारणाऱ्याने तो जरूर वाचवावा. मात्र वर्षात क्लच प्लेट एकदा जास्त बदलावी लागली, तर वाचलेल्या डिझेलचा बराचसा पैसा तिथेच खर्ची पडतो.

क्लचचा मुद्दा सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण ट्रॉली ओढणाऱ्याचे खरे नुकसान बहुधा तिथे होते. गाडी उभ्या जागेवरून उचलताना इंजिनाचा वेग आणि चाकाचा वेग जुळेपर्यंत क्लच घासत राहतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन १,००० फेऱ्यांवर असताना ३.५५ ची गाडी ताशी सुमारे १० किलोमीटरला पोहोचते, तेव्हा क्लच पुरता सुटतो, ४.१० च्या गाडीत तो ८.६ लाच सुटतो. फरक किरकोळ वाटतो, पण क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे सपाट रस्त्यावरसुद्धा ३.५५ च्या गाडीचा क्लच प्रत्येक उचलीला सुमारे एक तृतीयांश जास्त तापतो. नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात संत्र्यांनी भरलेली गाडी हातभर पुढे, पुन्हा थांब, पुन्हा हातभर पुढे अशी तासभर सरकत असते, तेव्हा ही उचल किती वेळा होते हे ज्याने हाफ क्लचवर पाय अवघडून पाहिले आहे त्याला सांगायला नको. त्यात मे महिन्यात पारा कधीकधी ४५ च्या पुढे जातो आणि गाडीखालच्या डांबरातूनही झळ येत असते.

ओढण्याच्या ताकदीचे गणित त्याहून सरळ आहे. प्रत्येक गिअरमध्ये ४.१० ची गाडी चाकाला साडेपंधरा टक्के जास्त जोर देते. तिच्या इंजिनाची शक्ती वाढलेली नसते. तीच शक्ती कमी वेगाने आणि जास्त जोराने चाकापर्यंत पोहोचते, इतकेच. म्हणूनच ‘मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद’ असे कोणी म्हटले तर अर्धेच खरे मानावे, कारण चॅसिस, ब्रेक, रेडिएटर आणि ट्रॉलीचा हुक यांची सोसण्याची मर्यादा दात बदलल्याने तसूभरही वाढत नाही.

घाटात मात्र या साडेपंधरा टक्क्यांचा एक गमतीचा परिणाम दिसतो. भरलेली पिकअप आणि मागची ट्रॉली मिळून ४,४०० किलो वजन, आणि दर वीस मीटरला एक मीटर चढ, असा रस्ता घ्या. ताशी ५५ च्या वेगाने तो चढायला सुमारे २९२ किलोचा जोर लागतो. चौथ्या गिअरमध्ये, गिअरमधली दहा टक्के घट वजा करून, ३.५५ ची गाडी सुमारे २६१ किलो देते आणि ४.१० ची सुमारे ३०१. म्हणजे दुसरी गाडी चौथ्यातच, १,६०० फेऱ्यांवर, थोडक्यात का होईना पण चढून जाते. पहिलीला तिसरा गिअर टाकावा लागतो आणि मग तिचे इंजिन १,९४० वर जाते. सपाटीवर शांत चालणारी, डिझेल वाचवणारी म्हणून घेतलेली गाडी चढावर दुसरीपेक्षा जास्त फेरे घेऊ लागते आणि ॲव्हरेजची बढती तिथेच गळते. चढ थोडा जास्त किंवा थोडा कमी असता तर दोघींनाही तोच गिअर लागला असता, हेही तितकेच खरे. म्हणून आपल्या नेहमीच्या रस्त्यावर चढ केवढा आहे, याला महत्त्व आहे.

उतारावर ४.१० ची बाजू आणखी बळकट होते. एकाच गिअरमध्ये तिचे इंजिन गाडीला अधिक रोखून धरते, ब्रेकवरचा भार हलका होतो आणि मागे ट्रॉली ढकलत असताना ही गोष्ट डिझेलपेक्षा मोलाची ठरते.

मधल्या गिअरांमध्ये चालक आपोआप जुळवून घेतो. एका गाडीत तिसरा जिथे पडतो तिथे दुसरीत चौथा पडतो. खरा फरक उरतो तो दोन टोकांना, म्हणजे सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या गिअरमध्ये. म्हणून गिअरांची संख्या जितकी जास्त, तितके ॲक्सलचे महत्त्व कमी. एफ-१५० च्या दहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये पहिला गिअर ४.७० आणि दहावा ०.६४ आहे, अशा गाडीत ३.५५ आणि ३.७३ मधला फरक रोजच्या वापरात फारसा बोचत नाही. पाच गिअरच्या आपल्या पिकअपमध्ये तो बोचतो.

यातूनच दोन वेगळ्या मॉडेलांची तुलना करतानाचा मोठा सापळाही दिसतो. एका गाडीचा ॲक्सल ३.७३ चा आणि टॉप गिअर ०.८५ चा असेल, तर दोहोंचा गुणाकार ३.१७ येतो. दुसरीचा ॲक्सल ४.१० चा पण टॉप गिअर ०.७५ चा असेल, तर गुणाकार ३.०८ येतो. टायर सारखे असतील तर ४.१० वालीच हमरस्त्यावर कमी फेऱ्यांवर चालेल आणि तिचा पहिला गिअर फार वेगळा नसेल तर उचलही तिचीच चांगली असेल. नुसता ॲक्सलचा आकडा पाहून गाडी नाकारू नये. पहिल्या आणि शेवटच्या गिअरने तो गुणून पाहावा. रुबाबासाठी मोठे टायर बसवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे, कारण टायर पाच टक्क्यांनी मोठा झाला की ४.१० ची गाडी वागायला ३.९० ची होते.

माझे मत विचाराल तर नागपूर–हैदराबाद किंवा नागपूर–रायपूर अशा बहुतांशी सपाट मार्गावर, ट्रॉलीविना, एका दमात शंभर-दोनशे किलोमीटर चालणाऱ्याने ३.५५ घ्यावी. सावनेर–सौसरवरून सिल्लेवानी घाट चढून छिंदवाड्याला भरल्या गाडीने जाणारा, कुरईचा घाट ओलांडून सिवनीकडे माल नेणारा, परतवाड्याहून चिखलदरा गाठणारा किंवा आठवड्यातून दोन-तीनदा मागे जनरेटरची नाहीतर मंडपाच्या सामानाची ट्रॉली लावणारा, यांनी ४.१० कडेच वळावे. ज्याचे काम दोन्हीकडचे आहे त्याने पाच गिअरच्या गाडीत ४.१० आणि सहा किंवा अधिक गिअरच्या गाडीत ३.५५ पसंत करावी, असे मला वाटते. कारण चुकीच्या निवडीने थोडे डिझेल जास्त गेले तर ते महिन्याच्या हिशेबात सोसवते, पण घाटाच्या वळणावर भरली गाडी जागेवरून उचलेनाशी झाली तर ते सोसवत नाही.

घेतलेल्या गाडीचा क्राऊन-पिनियन नंतर बदलण्याचा सल्ला काही जण देतात. फोर बाय फोर गाडीत पुढचा आणि मागचा असे दोन्ही बदलावे लागतात, नाहीतर फोर बाय फोर टाकताच दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झुंजू लागतात. शिवाय जुन्या गाड्यांमध्ये मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून येते, त्यामुळे ३.५५ काढून ४.१० बसवला की मीटर साडेपंधरा टक्के जास्त किलोमीटर दाखवू लागतो. प्रत्यक्षात लिटरला ११ देणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज मग वहीत १२.७ असे लिहिले जाते आणि मालक क्राऊन बदलून डिझेल वाचले म्हणून खुशीत असतो. असे ॲव्हरेज सांगून कोणी जुनी गाडी विकत असेल, तर टाकी काठोकाठ भरून घ्यावी, वर्धा रोडवरचे किलोमीटरचे दगड मोजत जाऊन यावे आणि पुन्हा त्याच पंपावर टाकी काठोकाठ भरावी.