पोकेमॉन हार्टगोल्ड : जोहतोहून कँटोला जाताना

पोकेमॉनच्या मुख्य मालिकेतील प्रत्येक खेळाला आपला एक प्रदेश असतो, आणि खेळ संपला की तो प्रदेशही मागे पडतो. पुढच्या खेळात नवे गाव, नवी आई, नवे प्रोफेसर आणि पुन्हा तीन पोकेमॉनमधून एकाची निवड. आधीच्या प्रदेशाचा उल्लेख झालाच तर कोणाच्या तरी बोलण्यात होतो. या रिवाजाला एकच खरा अपवाद आहे. 1999 साली जपानमध्ये गेमबॉयसाठी आलेल्या गोल्ड आणि सिल्व्हर या जोडखेळांत जोहतो पार केल्यानंतर आधीच्या खेळांतला कँटो हा प्रदेश त्याच्या आठही जिमसह, म्हणजे बलाढ्य लीडरशी झुंजण्याच्या आखाड्यांसह, उघडतो. याच जोडीची निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या गेमयंत्रासाठी केलेली नवी आवृत्ती म्हणजे हार्टगोल्ड आणि सोलसिल्व्हर. ती जपानमध्ये सप्टेंबर 2009 मध्ये आणि अमेरिका-युरोपात मार्च 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. मी हार्टगोल्ड दोनदा पूर्ण खेळलो आहे. एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाणे म्हणजे काय, हे या खेळाइतके नीट मालिकेतील दुसऱ्या कोणत्याही खेळाला दाखवता आलेले नाही, असे माझे मत आहे. त्यातले दोष मला दिसत नाहीत असे मात्र नाही.

आधी खरेदीविषयी. हा खेळ आता नवा मिळत नाही, त्यामुळे खेळाचे वापरलेले कार्ड शोधणे भाग आहे, आणि त्या बाजारात नकली कार्डे फार आहेत. मी घेतलेले पहिले कार्ड असेच नकली निघाले. खेळ सुरू व्हायचा, पण पोकेवॉकर या सोबत मिळणाऱ्या पाऊलमोजकाशी त्याची गाठ काही केल्या पडेना. कारण साधे आहे. खऱ्या कार्डातच इन्फ्रारेडची सोय असते आणि त्यासाठी त्याचे प्लास्टिक काळे असते, तर डीएसच्या इतर बहुतेक खेळांची कार्डे राखाडी असतात. तेव्हा राखाडी कार्ड कोणी 'ओरिजिनल' म्हणून दाखवत असेल, तर पैसे खिशातच ठेवावेत. डीएसच्या खेळांना देशाचे बंधन नसल्यामुळे कार्ड कोणत्याही देशातले चालते आणि 3डीएसवरही खेळता येते; फक्त जपानी आवृत्तीत इंग्रजी नाही, हे लक्षात ठेवावे.

जोहतोतला भाग मालिकेच्या ठरलेल्या वाटेने जातो. न्यू बार्क या लहानशा गावात प्रोफेसर एल्म यांच्याकडून पहिला पोकेमॉन मिळतो, त्यानंतर आठ जिम, जिम जिंकल्याचे आठ बॅज आणि मध्येमध्ये टीम रॉकेट या गुंडांच्या टोळीच्या उचापती. मी टोटोडाइल निवडला. येथे एक गोष्ट मात्र ठरलेल्या वाटेपेक्षा वेगळी आहे आणि तिच्यामुळे सगळा प्रवास बदलून जातो. संघात पहिल्या क्रमांकावर ठेवलेला पोकेमॉन त्याला ठेवण्याच्या बॉलमध्ये न राहता तुमच्या मागे चालतो. पूर्वी यलो या खेळात हा मान एकट्या पिकाचूला होता. येथे त्या काळच्या सगळ्या 493 पोकेमॉनना तो मिळाला आहे. मागे वळून त्याच्याशी बोलले की तो कुठे नुसता वारा हुंगत असतो, कुठे पाण्याकडे टक लावून बघत असतो. खेळाच्या हारजितीत या गोष्टीला फारसे स्थान नाही. तरीही पुढच्या एका खेळात सोबती पुन्हा बॉलमध्ये गेला तेव्हा रस्ता अगदी ओकाबोका वाटू लागला, हा माझा अनुभव आहे.

आता सीमेविषयी. आठवा बॅज मिळाल्यानंतर खेळ तुम्हाला न्यू बार्कला, म्हणजे जेथून निघालात तेथेच परत आणतो. गावाच्या पूर्वेला पाणी आहे. सुरुवातीला तुम्ही त्या काठावर उभे राहिलेला असता आणि पुढे जाता येत नाही म्हणून वळलेला असता. आता सोबतीला पोहणे येत असते, म्हणून त्याच पाण्यातून 27 क्रमांकाच्या रस्त्यावर जाता येते. तेथे जमिनीवर पाऊल टाकल्यावर एक माणूस भेटतो आणि सांगतो की तुम्ही आत्ताच कँटोत पहिले पाऊल टाकलेत, हवे तर पोकेगियर या खेळातल्या फोनवरचा नकाशा उघडून बघा. कमान नाही, चौकी नाही. पायाखालचे गवत मागच्या गवतासारखेच असते आणि नकाशा मात्र बदललेला असतो. पुढे टोहजो धबधबा लागतो. जोहतो आणि कँटो या नावांच्या जोडातून त्याचे नाव बनले आहे, आणि तो चढून पलीकडे उतरावे लागते. मग व्हिक्टरी रोडची गुहा, मग इंडिगो पठार. तेथले चार दिग्गज ट्रेनर आणि चॅम्पियन लान्स यांना हरवले की श्रेयनामावली पडद्यावरून सरकते. इतर खेळ येथे संपतात. हा खेळ येथे अर्ध्यावर आलेला असतो.

प्रोफेसर एल्म मग जहाजाचे तिकीट देतात. ऑलिव्हिन बंदरातून एस. एस. अ‍ॅक्वा हे जहाज कँटोतल्या व्हर्मिलियनला जाते. पहिल्या फेरीत जहाजावर एका आजोबांची नात हरवते, ती शोधून द्यावी लागते आणि त्या निमित्ताने केबिनींमधल्या ट्रेनर लोकांशी झुंजी होतात. प्रवासाचा वेळ भरून काढण्याची ही युक्ती मला फार आवडली, कारण तुम्ही जहाजात काही काळ खरोखर राहता. पडदा काळा होऊन लगेच पलीकडचे बंदर येत नाही. त्यानंतरच्या फेऱ्यांना वेळापत्रक आहे. ऑलिव्हिनहून जहाज सोमवारी आणि शुक्रवारी सुटते, व्हर्मिलियनहून बुधवारी आणि रविवारी. हे वार खऱ्या घड्याळाचे आहेत, खेळातले नव्हेत. मंगळवारी धक्क्यावर पोहोचलात तर खलाशी तुम्हाला परत पाठवतो. पहिल्यांदा मला याचा राग आला होता. पण ज्याला वाट पाहावी लागत नाही तो प्रवास कसला, असे म्हणणाऱ्या घरात वाढल्यामुळे असेल, दुसऱ्या वेळी मी मुद्दाम शुक्रवारची वाट पाहिली.

व्हर्मिलियनला उतरल्यावर जे दिसते, त्यासाठी हा खेळ घ्यावा. आपल्याकडे 2003 पासून कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉनची टीव्ही मालिका पाहिलेल्या पिढीला कँटो आधी कळला आणि जोहतो नंतर, त्यामुळे आमच्यासाठी हे जाणे परतणेच होते. मात्र परतून आलो तो कँटो तीन वर्षांनी म्हातारा झालेला आहे. सिनाबार बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक होऊन गाव नाहीसे झाले आहे, आणि तिथला जिम लीडर ब्लेन सीफोम बेटावरच्या गुहेत जिम मांडून बसला आहे. लॅव्हेंडर गावात मेलेल्या पोकेमॉनच्या समाध्यांचा जो उंच मनोरा होता, तेथे आता रेडिओ केंद्र आहे. फ्यूशियाचा जुना जिम लीडर कोगा चार दिग्गजांत गेला आहे आणि ते जिम त्याची मुलगी जनीन चालवते. जुन्या खेळातला प्रतिस्पर्धी ब्लू आता व्हिरिडियनचा जिम लीडर आहे. यातली कोणतीही गोष्ट लांबलचक संवादांतून सांगितलेली नाही. एखाद्या गावी खूप वर्षांनी गेल्यावर जसे चार वाक्यांत सगळे कळते, तसे ते कळते.

दुसरा रस्ता रेल्वेचा. जोहतोतले गोल्डनरॉड आणि कँटोतले सॅफ्रन ही दोन मोठी शहरे मॅग्नेट ट्रेनने जोडलेली आहेत. जोहतोत असताना तुम्ही गोल्डनरॉडचे स्टेशन पाहता, पण पास नसल्यामुळे आत सोडत नाहीत. कँटोत आल्यावर कळते की गाडीच बंद आहे, कारण वीज केंद्रातल्या यंत्राचा एक भाग टीम रॉकेटच्या एका माणसाने पळवून सेरुलियनच्या जिममधल्या पाण्यात लपवला आहे. तो शोधून दिला की वीज येते आणि गाडी सुरू होते. मग पास हवा, तो सॅफ्रनमधल्या एका मुलीकडे आहे, आणि तिची हरवलेली बाहुली आणून दिल्याशिवाय ती तो देत नाही. ऐकताना ही नुसती कामांची साखळी वाटेल, पण या साखळीमुळे अर्धा कँटो पायी पालथा घातला जातो, आणि शेवटी गाडीत बसल्यावर जी काही सेकंदांची धाव दिसते तिचे मोल कळते. ज्यांना जपानचा नकाशा ठाऊक आहे त्यांना यात आणखी एक गंमत सापडेल. कँटो हे टोकियोभोवतीच्या खऱ्या प्रदेशाचे नाव आहे, जोहतो ओसाका-क्योटोकडच्या भागावर बेतलेला आहे, आणि या दोन टोकांना जोडणारी खरी वेगवान रेल्वे, तोकाइदो शिंकान्सेन, 1964 पासून धावते आहे.

दोष आता सांगतो. पहिला आणि मोठा दोष लेव्हलचा आहे. लान्सचा सर्वांत बळकट ड्रॅगोनाइट 50 लेव्हलचा, कँटोतल्या ब्लूचा पिजॉट 60 चा, आणि सगळ्यांच्या शेवटी सिल्व्हर पर्वतावर उभ्या असलेल्या रेडचा, म्हणजे जुन्या खेळाच्या नायकाचा, पिकाचू 88 चा. मधली दरी भरायला कँटोत काहीच नाही, कारण तिथले रानटी पोकेमॉन अगदी दुबळे आहेत. चॅम्पियन झालेल्या माणसाने गवतातून पोरसवदा पिजी हाकलत फिरावे, तसे होते. त्यामुळे रेडला भेटण्याआधी पुन्हापुन्हा त्याच दिग्गजांशी लढत बसावे लागते. दुसरा दोष म्हणजे कँटोला स्वतःची कथा नाही. बॅज गोळा करणे आणि वीज केंद्राचे ते एक प्रकरण, एवढेच. जुन्या गेमबॉय आवृत्तीच्या मानाने ही आवृत्ती कितीतरी भरीव आहे, हे मान्य करायला हवे. तेव्हा कापलेले व्हिरिडियनचे जंगल येथे परत आले आहे, मूटू या बलाढ्य पोकेमॉनची सेरुलियन गुहाही आली आहे. तरीही जोहतोची वीण घट्ट आणि कँटोची सैल, हा फरक राहतोच. तिसरे म्हणजे पोहणे, धबधबा चढणे, दगड सरकवणे या विद्या कोणाला तरी शिकवून ठेवाव्याच लागतात आणि संघातली एखादी जागा हमालीसाठी अडकून पडते.

सोबत मिळणारा पोकेवॉकर हा कमरेला अडकवण्याजोगा पाऊलमोजक आहे. एक पोकेमॉन त्यात पाठवायचा आणि चालायचे. वीस पावलांना एक वॉट मिळतो आणि वॉट खर्चून वस्तू किंवा पोकेमॉन मिळवता येतात. सीआर2032 या जातीचा सेल घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. वापरलेला संच घेताना तो सुरू होतो का, हे तेवढे तपासून घ्यावे.

अलीकडच्या खेळांनीही प्रदेशाबाहेरच्या सहली दिल्या आहेत. स्कार्लेट आणि व्हायोलेटच्या 2023 च्या जोडभागात किताकामी नावाच्या गावाकडच्या मुलखात नेतात. पण त्या भागाचे पैसे वेगळे मोजावे लागतात, आणि नकाशाला पुरवणी जोडावी तसा तो भाग मुख्य कथेच्या बाजूला राहतो. हार्टगोल्डमध्ये दुसरा प्रदेश त्याच कार्डात, त्याच प्रवासाच्या पुढच्या टप्प्यावर आहे, आणि सगळा संघ तुमच्याबरोबर येतो. टीव्हीवरचा अ‍ॅश होएन या पुढच्या प्रदेशाला निघताना पिकाचूखेरीज सगळ्यांना मागे ठेवून गेला होता, ते मला तेव्हाही पटले नव्हते.

या खेळातून पुढच्या खेळात पोकेमॉन नेता येतात, त्याविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण अनेक जण त्यासाठीच हे कार्ड विकत घेतात. ब्लॅक किंवा व्हाइट या खेळात ते पाठवायला दोन डीएस लागतात. तेथून पुढे 3डीएसवरच्या पोकेमॉन बँक या पोकेमॉन साठवण्याच्या अ‍ॅपमधून पोकेमॉन होम या सेवेत जाता येते. मात्र 3डीएसचे ऑनलाइन दुकान मार्च 2023 मध्ये बंद झाल्यामुळे ज्यांनी बँक आधीच उतरवून घेतली होती, त्यांनाच हा मार्ग उरला आहे. प्रत्येक टप्पा एकदिशा आहे. ब्लॅकमध्ये गेलेला पोकेमॉन जोहतोत परत येत नाही आणि तेथे तो मागे चालतही नाही. शिवाय पोहण्यासारख्या त्या हमालीच्या विद्या अंगी असलेल्या पोकेमॉनला पलीकडे घेत नाहीत. त्या आधी ब्लॅकथॉर्न गावातल्या एका माणसाकडे नेऊन पुसून टाकाव्या लागतात.

माझा टोटोडाइल आता वाढून फेरालिगेटर झाला आहे. न्यू बार्कच्या पूर्वेचे पाणी आणि टोहजोचा धबधबा त्यानेच मला पार करून दिला. दुसरा डीएस मित्राकडून आणून ठेवला होता, तो परत करून आलो.