ब्रनोतला संध्याकाळचा चेक वर्ग

नोकरीसाठी चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात आलेल्या मराठी मंडळींनी चेक भाषेचा वर्ग निवडताना आधी एवढंच बघावं, की 'कुठे चाललो' हे तिथे कसं शिकवतात. माझ्या आधीच्या वर्गात सातही विभक्तींचा तक्ता सुरुवातीलाच हातात दिला होता. तो पाठ झाला, पण 'पोस्टात चाललेय' एवढं वाक्य काही तोंडातून निघेना.

या वर्गातल्या बाई तक्त्याला हात लावत नाहीत. एक ठिकाण घेतात आणि तीन प्रश्न विचारतात: 'काम' म्हणजे कुठे चाललात, 'क्दे' म्हणजे कुठे आहात, 'ओत्कुद' म्हणजे कुठून आलात. शहराला 'दो ब्रना', 'व ब्रन्ये', 'झ ब्रना', म्हणजे ब्रनोला, ब्रनोत, ब्रनोहून. पोस्टाला 'ना पोश्तु', 'ना पोश्त्ये', 'स पोश्ती'. माणसाला 'क दोक्तोरोवी', 'उ दोक्तोरा', 'ओद दोक्तोरा'. तिन्ही रूपं एका दमात म्हणायची, की लगेच पुढचं ठिकाण. शाळेला 'दो' आणि पोस्टाला, स्टेशनाला, सरकारी कचेरीला 'ना' का, याची कारणं शोधत बसू नका, जोडीनेच पाठ करा, असं बाई स्पष्ट सांगतात. मला ते फार पटलं.

यात आपल्याला मोठा फायदा आहे. पुणे जसं 'पुण्याला' होतं, तसं ब्रनोचं 'ब्रना' होतं. वर्गातल्या स्पॅनिश मुलाला गावाचं नाव बदलतं हेच पचत नाही. आपण सामान्यरूप घेऊनच मोठे झालो. डॉक्टरांकडे जाणं आणि पुण्याला जाणं हेही आपण वेगळंच बोलतो. अडतं ते 'काम' आणि 'क्दे'पाशी, कारण आपलं 'कुठे' दोन्हीकडे चालतं. तिथे बाई प्रत्येक वेळी थांबवतात, आणि थांबवायलाच हवं.

कमी पडतो तो क्रियापदांचा भाग. पायी जायचं तर 'यीत', वाहनाने 'येत', नेहमीचं जाणं असेल तर 'खोद्यित' आणि 'येझ्द्यित'. ही चारही एकाच तासात उरकली. ट्रामने कामावर जाणाऱ्याला रोज लागणारा हा भाग, त्याला आणखी वेळ द्यायलाच हवा होता.

इथल्या कायम वास्तव्यासाठी २०२१पासून साधारणपणे ए-२ पातळीची चेक भाषेची परीक्षा लागते. हा वर्ग त्याखालच्या ए-१चा, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचा आहे, तेव्हा पुढचाही वर्ग धरूनच हिशेब करा. नवख्यांनी जरूर यावं. तक्ता आधीच पाठ असलेल्यांनीही सुरुवातीचे तास चुकवू नयेत.