मॉरी की कलानिधी? इंग्रजी शब्द शिकायला कुठलं घेऊ

मावसबहीण नर्सिंगला आहे, इंग्रजी सुधारायचंय, आणि कुणीतरी तिला सांगितलंय की शब्दांच्या याद्या पाठ करत बसण्यापेक्षा आजारपणावरचं एखादं आत्मकथन वाच. तिचा प्रश्न, 'ट्यूजडेज विथ मॉरी' घेऊ का 'व्हेन ब्रेथ बिकम्स एअर'? दोन्ही वाचलीयत मी, दुसरं तर दोनदा, म्हणून तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट. आपल्याला वाटतं अवघड शब्द म्हणजे मेडिकलचे. पण केमो, बायोप्सी, आयसीयू, डिस्चार्ज हे कधीच मराठी झालेत, गावाकडची आजीसुद्धा 'सलाईन लावलं' म्हणते. अडतं ते बारक्या शब्दांपाशी. मराठीत ठणका लागतो, कळ येते, चमक भरते, ठसठसतं, आग आग होते आणि इंग्रजीत आपण सगळ्याला 'पेन' म्हणून मोकळे. ठसठसण्याला थ्रॉब, बारीक चमक निघाली तर ट्विंज, हे कुणी शिकवतच नाही. तर पुस्तक निवडताना हे बारके शब्द कुठे मिळतायत ते बघायचं.

मॉरी १९९७ चं. मिच अल्बम हा डेट्रॉइटचा क्रीडा पत्रकार, त्याचे ब्रँडाइस युनिव्हर्सिटीतले सोशिऑलॉजीचे प्रोफेसर मॉरी श्वार्ट्झ यांना एएलएस, म्हणजे हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा आजार झालेला, आणि हा दर मंगळवारी भेटायला जातो, असे चौदा मंगळवार. प्रकरणं छोटी, बरंचसं बोलणंच, त्यामुळे डिक्शनरीसाठी फार थांबावं लागत नाही. आणि आजार टप्प्याटप्प्याने वाढत जातो ना, आधी पाय, मग हात, शेवटी श्वास, म्हणून उचलणं, भरवणं, खोकणं असले शब्द फिरून फिरून येतात आणि न पाठ करता डोक्यात बसतात. मॉरींना सगळ्यात जास्त भीती कशाची, तर एक दिवस आपलं ढुंगण पुसायचं कामसुद्धा दुसऱ्याला करावं लागेल याची, तिथला 'वाइप' हा शब्द मी जन्मात विसरणार नाही. तोटा एकच, मधेमधे शाळेतला सुविचाराचा फळा वाचतोय असं वाटतं, आणि शब्दसंग्रह तसा मर्यादित.

'व्हेन ब्रेथ बिकम्स एअर' लिहिणाऱ्या पॉल कलानिधीचं प्रकरण वेगळं. स्टॅनफर्डला न्यूरोसर्जरीचं ट्रेनिंग संपत आलेलं, वय ३६, आणि फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. मार्च २०१५ मध्ये तो गेला, पुस्तक जानेवारी २०१६ ला आलं. डॉक्टर व्हायच्या आधी तो इंग्रजी साहित्यात एमए झालेला, ते ओळीओळीत दिसतं, मधेच एलियट, मधेच बेकेट, पुस्तकाचं नावसुद्धा ग्रेव्हिल नावाच्या जुन्या कवीच्या ओळीतून घेतलेलं. पण शब्दांवर प्रेम करणारा माणूस आहे हो. 'डिझास्टर'च्या मुळात तारा आहे, 'पेशंट'चा एक जुना अर्थ निमूट सोसणारा, हे तो जाता जाता सांगून जातो आणि मग तो शब्द नुसता शब्द राहत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते असं की पहिल्या भागात तो डॉक्टर आहे आणि दुसऱ्यात पेशंट. आधी इतरांना जगण्यामरण्याचा अंदाज सांगणारा हा, स्वतःच्या ऑन्कॉलॉजिस्टकडे, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरकडे, नेमके आकडे मागतो आणि ती चक्क नाही म्हणते. एकच शब्द खाटेच्या दोन्ही बाजूंनी कळतो. नर्सला याहून काय हवं.

शेवटचा भाग त्याच्या बायकोने, लूसीने लिहिलाय, भाषा सोपी, मी तर म्हणेन तो आधी वाच. सुरुवातीलाच ती पॉल 'डाइड' असं सरळ लिहिते. आपल्याकडे 'पेशंट एक्स्पायर झाला' हे इतकं रुळलंय की तिकडे ते दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखं ऐकू येतं हे लक्षातच येत नाही, त्यामुळे परदेशी जायचं असेल तर हे आधी सोड.

परदेशी म्हातार्‍यांची सेवा करायला जायचं असेल तर मात्र अमेरिकेतले सर्जन अतुल गवांदेंचं 'बीइंग मॉर्टल' (२०१४), ते पूर्ण आत्मकथन नाही, पण नर्सिंग होम (तिकडे म्हणजे म्हाताऱ्यांना सांभाळायची जागा), हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा) हा सगळा संसार तिथे आहे आणि त्यांच्या वडिलांचं गाव महाराष्ट्रातलं उटी, तर एकत्र कुटुंबातल्या आजोबांचाही विषय निघतो.

तर ठरवायचं कसं? दुकानात कुठलंही पान उघडायचं, सहा-सातच्या वर शब्द अडले तर आधी मॉरी. पानाला तीनच शब्द टिपायचे आणि समोर डिक्शनरीतला अर्थ नाही, घरात जो शब्द वापरतो तो लिहायचा. आणि घरात आत्ता कुणी आजारी असेल तर दोन्ही राहू दे, खरंच.

मी तिला मॉरी सांगितलं होतं. ती कलानिधी घेऊन आली. काल मेसेज, पहिल्याच वाक्यात अडकलीय, सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसं गाठींनी 'मॅटेड' दिसतायत म्हणजे काय, डिक्शनरी केसांबद्दल बोलतेय. मी लिहिलं, जटा. थोड्या वेळाने तिचं आलं, 'बापरे, फुप्फुसाला जटा' आणि मग रात्री अकराला, 'पान १८'.