काचेआडचा मॅक : 'टाहो'च्या चाचणी आवृत्तीचे परीक्षण

ॲपलने ९ जून २०२५ रोजी आपल्या वार्षिक विकासक परिषदेत मॅकओएस या मॅक संगणकांच्या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती दाखवली, तेव्हा पहिला बदल क्रमांकातच दिसला. 'सिक्वोया' पंधरावी होती आणि तिच्यामागून येणारी 'टाहो' एकदम सव्विसावी झाली, कारण कंपनीने आपल्या सर्व प्रणालींना यापुढे वर्षाशी जुळणारा एकच क्रमांक द्यायचे ठरवले आहे. हाच एकसारखेपणा दृश्यरचनेतही आणला असून 'लिक्विड ग्लास' नावाचे नवे रूप फोन, टॅब्लेट, घड्याळ, टीव्ही आणि संगणक यांना एकाच वेळी मिळाले. अंतिम आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये आली. त्याआधी २४ जुलैला सर्वांसाठी खुली झालेली चाचणी आवृत्ती मी एम-१ चिपच्या मॅकबुक एअरवर वापरून पाहिली. पुढील मते त्या वापरावर आधारलेली आहेत.

पडद्यावर अर्धपारदर्शक पट्ट्या दिसणे मॅकला नवे नाही. २००० सालच्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी 'ॲक्वा' हे रूप सादर करताना त्यातली बटणे चाटावीशी वाटतील असे म्हटले होते, आणि २०१४ च्या 'योसेमिटी'पासून साइडबारमागचे रंग धूसर होऊन झिरपत आले आहेत. यावेळची काच मात्र नुसती धूसर नाही, ती भिंगासारखी वागते : तिच्या कडेपाशी मागचे चित्र वाकते आणि कडेवर उजेडाची बारीक रेघ चमकते. डॉक (पडद्याच्या तळाशी असलेली ॲपची पट्टी), कंट्रोल सेंटर (झटपट सेटिंगची चौकट) आणि सूचनांच्या चौकटी या काचेच्या झाल्या आहेत. टूलबारमधली बटणे आता औषधाच्या कॅप्सूलसारख्या आकारांत गटागटाने बसतात, साइडबार विंडोच्या कडेला न भिडता तिच्या आत वेगळ्या फळीसारखा तरंगतो, आणि विंडोचे कोपरे आणखी गोल झाले आहेत. हा गोलवा सगळीकडे सारखा नाही; टूलबार असलेल्या विंडोचा अधिक आणि नुसती शीर्षकपट्टी असलेल्या विंडोचा कमी. दोन विंडो एकीवर एक ठेवल्या की मागचीचा कोपरा पुढचीआडून डोकावतो. ही बाब एकदा नजरेला पडली की पुन्हा पुन्हा दिसत राहते.

छायाचित्र पाहताना ही काच सुंदर वाटते, यात वाद नाही. माझी हरकत वाचनाविषयी आहे, आणि ती देवनागरीच्या बाबतीत अधिक तीव्र आहे. रोमन अक्षरे बहुधा एका पट्टीत मावतात. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार असा तीन मजली संसार असतो, आणि अर्थ पुष्कळदा त्या वरच्या मजल्यावरच्या ठिपक्यावर अवलंबून असतो. फांद्यापानांचा वॉलपेपर ठेवून मराठी संदेशाची सूचना पाहिली, तर 'घरात' लिहिले आहे की 'घरांत', हे ठरवायला क्षणभर थांबावे लागते. मेनू उघडल्यावर मागचे दृश्य पुरेसे धूसर होते, त्यामुळे तिथे अडत नाही. मेनू बारची पार्श्वभूमी मात्र मुळात काढूनच टाकली आहे; अक्षरे वॉलपेपरवर थेट तरंगतात आणि त्याच्या रंगानुसार काळी किंवा पांढरी होतात. विकासकांसाठीच्या दुसऱ्या चाचणी आवृत्तीपासून ती पार्श्वभूमी परत आणण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आला आहे, आणि मी तो पहिल्याच दिवशी चालू केला. ॲक्सेसिबिलिटीतील 'रिड्यूस ट्रान्स्परन्सी' हा पारदर्शकता कमी करणारा जुना पर्यायही आहेच, पण तो लावला की नव्या रूपाचा मुख्य मुद्दाच उरत नाही.

त्याच दुसऱ्या आवृत्तीत फाइंडर या फायली पाहण्याच्या ॲपच्या आयकॉनवरचा चेहराही ताळ्यावर आला. आधीच्या आवृत्तीत त्याचे निळे आणि पांढरे भाग उलटसुलट झाले होते, त्यावर बरीच ओरड झाली आणि निळा रंग पुन्हा डावीकडे गेला. इतर आयकॉनचे नशीब तेवढे चांगले नाही. प्रत्येक आयकॉन आता गोल कोपऱ्यांच्या चौरसात बसलाच पाहिजे. ज्यांचा आकार बसत नाही, त्यांना प्रणाली लहान करून करड्या चौकटीत कोंडते. जुन्या ॲपचे सुबक, वेगळ्या आकाराचे आयकॉन ही मॅकची जुनी हौस होती, आणि ती अशी चौकटीत गेलेली पाहून वाईट वाटते. आयकॉन गडद, एका रंगछटेचे किंवा पूर्ण पारदर्शक करण्याची सोय आहे. त्यातला पारदर्शक प्रकार दिसायला नेटका, पण डॉकमध्ये हवे ते ॲप शोधताना निरुपयोगी, कारण आपण आयकॉन रंगावरूनच ओळखतो.

सर्व ॲप पडद्याभर मांडून दाखवणारा, २०११ पासून असलेला लाँचपॅड काढून टाकला आहे. त्याजागी 'ॲप्स' नावाची लहान चौकट येते, तिच्यात ॲप प्रकारांनुसार आपोआप लावलेली असतात. लाँचपॅडमध्ये स्वतःच्या हाताने केलेले गट इथे करता येत नाहीत, म्हणून ज्यांनी ते वर्षानुवर्षे जपले त्यांना हा बदल जाचेल.

फोल्डरांना रंग आणि त्यावर इमोजी किंवा चिन्ह देता येणे हा बदल मात्र मला मनापासून आवडला. दिवाळी अंकाच्या मजकुराचा फोल्डर केशरी केला, त्यावर पणती ठेवली, आणि तो गर्दीतही चटकन सापडतो. इथे काचेचा काहीही संबंध नाही, हे विशेष.

इंटेल प्रोसेसरवरच्या मोजक्या मॅकसाठी ही शेवटची मोठी आवृत्ती आहे. त्या यंत्रांच्या मालकांनी आणि रोज मराठी मजकूर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी चाचणी आवृत्ती मुख्य यंत्रावर घालू नये. अंतिम आवृत्ती घातल्यावर आधी साधा, एकरंगी वॉलपेपर लावावा, मेनू बारची पार्श्वभूमी चालू करावी आणि मगच काचेविषयी मत बनवावे.