‘पीयू’च्या नावाखाली भिंतीचा रंग: स्वयंपाकघरातील ८४,५०० रुपयांची फसवणूक

स्वयंपाकघराच्या जुन्या लाकडी कपाटांना वॉटर-बेस्ड पीयू (म्हणजे पाण्यात मिसळणारा पॉलियुरेथेनचा टणक रंग) लावून देतो, असे सांगून ठाण्यातील एका रंगकाम कंत्राटदाराने आमच्याकडून ८४,५०० रुपये घेतले आणि प्रत्यक्षात भिंतीला लावायचे साधे इमल्शन फासले. ५०,००० आगाऊ, उरलेले ३४,५०० काम संपताच. उरलेली रक्कम महिनाभर तरी हातची सोडू नका, कारण असा रंग काही तासांत सुकला तरी पुरता पक्का व्हायला काही आठवडे लागतात आणि खोटेपणा त्यानंतरच उघड होतो.

सासूबाईंना दमा असल्यामुळे थिनरचा वास घरात नको होता, शिवाय पांढरा ऑइल पेंट कालांतराने पिवळा पडतो. हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) मिसळून लावायचा वॉटर-बेस्ड पीयू तेल, वाफ आणि रोजचे पुसणे चांगले सोसतो, ही माहिती खरीच होती. लबाडी डब्यात होती. नामांकित कंपनीचे डबे दाखवले गेले, पण सील आमच्यासमोर फोडले गेले नाही. माल स्वतः अधिकृत विक्रेत्याकडून आणा आणि जीएसटीचे बिल स्वतःच्या नावाने घ्या.

एक गोष्ट आजही झोपू देत नाही. हार्डनर मिसळलेला रंग काही तासांतच संपवावा लागतो, उरलेला टाकून द्यावा लागतो. आमच्याकडे मात्र आदल्या संध्याकाळची अर्धी बादली प्लास्टिकने झाकून ठेवली होती आणि सकाळी तिच्यातच पाणी घालून ब्रश सुरू झाला. मी हटकले, तेव्हा “काकू, हे नवीन मटेरियल आहे, याला काही होत नाही,” असे ठणकावून सांगण्यात आले. काम तिथेच थांबायला हवे होते. पण दारे उतरवून गॅलरीत ठेवलेली, भांडीकुंडी हॉलमध्ये पसरलेली आणि समोरचा माणूस पंधरा वर्षांचा अनुभव सांगणारा, अशा वेळी त्याला खोटे कोण ठरवील? जुन्या ऑइल पेंटवर पॉलिश पेपरही मारला नव्हता, नुसते फडके फिरवले होते.

महिनाभरात सिंकखालच्या दाराचा रंग नखाने सोलून निघू लागला. तेलाची बरणी उचलली, तर फळीवरच्या रंगाचा गोल तुकडा तिच्या बुडाला चिकटून वर आला. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस घासताच रंग त्यावर उतरला. पक्का झालेला पीयू असा कापसावर उतरत नाही. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ही परीक्षा एका कोपऱ्यात जरूर करा.

कंत्राटदाराने फोन उचलणे बंद केले. कंपनीने विक्रेत्याचे बिल मागितले, जे कंत्राटदाराने कधी दिलेच नव्हते. पोलीस ठाण्यात “ही दिवाणी बाब आहे” एवढेच ऐकून परतावे लागले. एक माल दाखवून दुसरा लावणे आणि त्याचे पूर्ण पैसे घेणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधील फसवणूक कशी नाही, याचे उत्तर कोणी दिले नाही, अर्जाची पोचही मागून घ्यावी लागली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलेली तक्रार समोरच्याने प्रतिसाद दिला नाही म्हणून बंद झाली, म्हणजे जो गप्प बसतो त्याचीच सोय! पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि दोन वर्षांच्या आत ऑनलाइन तक्रार करता येते, हे यांपैकी एकाही कार्यालयाने सांगितले नाही.